तरुण खेळाडूचा करार : भाव ठरतो, पण भीती कोण घेतो?

३१ ऑक्टोबर २०१२. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत तरुण खेळाडूंचे करार वाढवण्याची त्या वर्षीची ती शेवटची तारीख होती. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने स्टीफन करी नावाच्या २४ वर्षांच्या खेळाडूशी चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. करीच्या उजव्या घोट्यावर तोपर्यंत दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, एक मे २०११ मध्ये आणि दुसरी एप्रिल २०१२ मध्ये. आधीच्या हंगामातील ६६ सामन्यांपैकी तो जेमतेम २६ खेळला होता. घोटा टिकणार की नाही हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. संघ आणि खेळाडू दोघेही सारखेच अंधारात होते.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे करी सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६ चा किताब तर एकमताने मिळाला आणि तसा तो त्या संघटनेत पहिल्यांदाच कोणाला मिळाला. याच कराराच्या मुदतीत संघाने २०१५ आणि २०१७ ची अजिंक्यपदे जिंकली. २०१६-१७ च्या हंगामात या माणसाचा पगार होता सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर, म्हणजे स्वतःच्या संघातच पगाराच्या यादीत चौथा क्रमांक. तेव्हापासून करार-मदारीवर बोलणारे लोक या व्यवहाराकडे बोट दाखवून म्हणतात की बघा, पोरगा फसला, घाई केली, एजंटाने नीट सल्ला दिला नाही.

मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. व्यापाराच्या पानावर खेळाची गोष्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्याच्याकडे विकायला एकच माल आहे, तो माल नाशवंत आहे आणि गिऱ्हाईकही जवळजवळ एकच आहे, अशा माणसाने भाव कसा ठरवावा हा प्रश्न व्यापाराचाच आहे. कोकणातले आपले बागायतदार तो दर वर्षी सोडवतात. मोहोर आल्यावर बाग कराराने देऊन टाकायची की आंबा हाती येईपर्यंत थांबायचे? आधी दिली तर पैसे खिशात येतात आणि तुडतुडा, अवकाळी पाऊस, वारा हे सारे घेणाऱ्याच्या डोक्यावर जाते. थांबलो तर भाव आपला, पण वाराही आपलाच. (मोहोरावर बाग विकणे योग्य की अयोग्य हा निराळा विषय आहे, तो येथे काढत नाही.) बाग आधी दिली आणि त्या वर्षी आंबा अमाप आला, म्हणून बागायतदार मूर्ख ठरत नाही. त्याने आंबा विकला होता तसा वारासुद्धा विकला होता.

आता या धंद्याचे नियम थोडे समजून घेतले पाहिजेत, त्याशिवाय पुढचे कळणार नाही. एन.बी.ए.त नवा खेळाडू निवडला जातो तेव्हा पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर ठरतो. त्यात घासाघीस जवळपास नसतेच. हा करार चार वर्षांचा असतो. त्यांतली पहिली दोन पक्की असतात आणि पुढची दोन ठेवायची की नाही हे संघाच्या मर्जीवर असते. करी २००९ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्या चार वर्षांत त्याला सव्वा कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. तीन हंगाम संपले की मुदतवाढीची खिडकी उघडते आणि नवा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास ती बंद होते. याच काही महिन्यांत पोरगा आपला पहिला खरा सौदा करतो. तोपर्यंत त्याने कोणाशी भाव केलेला नसतो आणि समोर बसलेल्यांनी मात्र शेकडो केलेले असतात.

सौदा जमला नाही तर पोरगा चौथे वर्ष खेळतो आणि मग अर्धवट मोकळा होतो. अर्धवट म्हणण्याचे कारण असे की दुसऱ्या संघाने त्याला देकार दिला तरी जुना संघ तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेऊ शकतो. त्यामुळे दुसरे संघ देकार द्यायला कचरतात. आपण भाव लावायचा आणि माल मात्र शेजाऱ्याने न्यायचा, हे कोणाला आवडेल? पोराजवळ एक शेवटचा मार्ग उरतो. संघाने नियमाप्रमाणे पुढे केलेला एका वर्षाचा करार स्वीकारायचा, ते वर्ष निभवायचे आणि मग पूर्ण मोकळे व्हायचे. हा मार्ग कागदावर बरा दिसतो, पण त्यात एका गुडघ्यावर अख्ख्या आयुष्याची कमाई लागलेली असते.

हे बोलणे अतिशयोक्त वाटू नये म्हणून शिकागोच्या डेरिक रोझची हकीकत सांगतो. २०११ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पाच वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा वाढीव करार केला. तो सुरू व्हायचा होता पुढच्या हंगामापासून. २८ एप्रिल २०१२ रोजी, म्हणजे नव्या कराराचा एक डॉलरही हाती पडण्याआधी, सामन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. पुढचा पूर्ण हंगाम तो खेळला नाही आणि नंतर पूर्वीचा रोझ पुन्हा दिसला नाही. पण करार पक्का होता आणि पैसे मिळाले. त्या डिसेंबरात कोणी त्याला म्हटले असते की थांब, एक वर्ष आणखी गाजव, तर?

करीकडे परत येऊ. त्याने सही केली आणि त्याच हंगामात ८२ पैकी ७८ सामने खेळला, एका हंगामात तीन गुणांचे २७२ गोल करून विक्रमही केला. म्हणजे सहा महिन्यांतच दिसले की भाव कमी लागला. थांबला असता तर ढोबळ हिशेबाने दीड-दोन कोटी डॉलर जास्त मिळाले असते. ही रक्कम लहान नाही. पण ती कशाची किंमत होती ते पाहा. घोटा पुन्हा गेला असता तर ४ कोटी ४० लाख संघाचे बुडाले असते, करीचे नव्हे. ती भीती संघाने विकत घेतली आणि तिचे पैसे भावातून कापून घेतले. विमा उतरवून घराला आग लागली नाही म्हणून कोणी हप्ता परत मागत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. करी गरीब घरातला नव्हता. त्याचे वडील डेल करी याच संघटनेत १६ हंगाम खेळले होते. पोराने धोका पत्करला असता आणि तो अंगावर आला असता तरी घरात चूल बंद पडली नसती. तरीही त्याने सही केली. मग ज्याच्या मागे काहीच नाही त्याने काय करावे? यानिस अँटेटोकुंपो हा नायजेरियातून आलेल्या आईबापांचा मुलगा ग्रीसमधील अथेन्स शहरात वाढला. लहानपणी भावांबरोबर रस्त्यावर घड्याळे आणि गॉगल विकून त्याने घराला हातभार लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये २१ वर्षांचा असताना त्याने मिलवॉकीच्या संघाशी चार वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. नियमाने जितके जास्तीत जास्त मिळाले असते त्यापेक्षा तो थोडा कमीच होता. रस्त्यावर माल विकलेल्या पोराला आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याचा अर्थ एजंटापेक्षा जास्त कळत असावा, असे मला नेहमी वाटते. पुढे २०१९ आणि २०२० चे किताब त्याने घेतले, २०२० च्या डिसेंबरात २२ कोटी डॉलरच्या वरचा नवा करार केला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीला अजिंक्यपद मिळवून दिले.

आता उलट बाजू पाहू. करीने सही केली त्याच आठवड्यात ओक्लाहोमा सिटीच्या संघात दुसरी बोलणी मोडली. जेम्स हार्डन हा करीच्याच तुकडीतला, २००९ च्या निवडीत तिसरा. वय २३. त्याचा संघ जून २०१२ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. केव्हिन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रुक यांचे मोठे करार आधीच झाले होते, सर्ज इबाका याचाही ऑगस्टमध्ये झाला होता. एकूण पगार ठरावीक रेषेपलीकडे गेला की संघाला दंडवजा कर भरावा लागतो आणि तो कर पुढच्या वर्षापासून आणखी जाचक होणार होता. वृत्तपत्रांत आलेल्या बातम्यांप्रमाणे संघाने चार वर्षांचे साडेपाच कोटींच्या आसपास देऊ केले. हार्डनला जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम सहा कोटींच्या आसपास होती. फरक राहिला पन्नास लाखांच्या जवळपास, तोही चार वर्षांत पसरलेला. हार्डन वळला नाही, संघ वळला नाही, आणि २७ ऑक्टोबरला संघाने त्याला ह्यूस्टनला देऊन टाकले. ह्यूस्टनने ३१ तारखेला, म्हणजे करीच्या सहीच्याच दिवशी, त्याच्याशी पाच वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार केला.

हा सौदा करीच्या सौद्यापेक्षा मुळातच वेगळा होता. हार्डनचे शरीर ठणठणीत होते. वाटून घेण्यासारखी भीती तेथे नव्हतीच, होता तो फक्त हिशेब. आणि जेथे भीती नाही तेथे शेवटच्या रुपयासाठी ताणून धरणारा खरेदीदार आपलेच नुकसान करतो, कारण विकणाऱ्याला घाई नसते. हार्डन २०१८ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओक्लाहोमाचा संघ ड्युरँट असेपर्यंत पुन्हा अंतिम फेरी पाहू शकला नाही.

ड्युरँटचे पुढे काय झाले ते सांगितले की या दोन व्यवहारांची गाठ कोठे बसते ते कळते. ऑक्टोबर २०१४ मध्ये एन.बी.ए.ने दूरदर्शन वाहिन्यांशी नऊ वर्षांचा, सुमारे २,४०० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. संघांच्या पगाराची कमाल मर्यादा उत्पन्नावर ठरते. ती २०१५-१६ मध्ये ७ कोटी डॉलर होती, ती पुढच्याच वर्षी ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही उडी दोन-तीन वर्षांत विभागून घ्यावी असे संघटनेने सुचवले होते, पण खेळाडूंच्या युनियनने २०१५ मध्ये ते नाकारले. त्यामुळे एका उन्हाळ्यात सर्व संघांकडे अचानक पैसा मोकळा झाला. गोल्डन स्टेटकडे तर तो विशेष झाला, कारण त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू २०१२ च्या भावाने खेळत होता. जुलै २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट ओक्लाहोमा सोडून त्याच गोल्डन स्टेटमध्ये आला. एका संघाने २०१२ मध्ये दुखरा घोटा अंगावर घेतला, दुसऱ्याने धडधाकट माणूस पन्नास लाखांसाठी सोडला, आणि चार वर्षांनी दुसऱ्याचा उरलेला हिरा पहिल्याच्या घरी गेला. नशीब यात होतेच. दूरदर्शनचा पैसा एवढा येईल हे २०१२ मध्ये गोल्डन स्टेटलाही माहीत नव्हते. पण नशिबाला बसायला जागा मात्र त्यांनी करून ठेवली होती.

करीलाही विलंबाने का होईना भरपाई मिळाली. जुलै २०१७ मध्ये त्याने पाच वर्षांचा २० कोटी १० लाख डॉलरचा करार केला. २० कोटींचा आकडा ओलांडणारा एन.बी.ए.तला तो पहिला करार. पहिला करार लहान केला म्हणून दुसरा अडला नाही. उलट पहिला चारच वर्षांचा होता म्हणून दुसरा लवकर आला. मुदत हीसुद्धा भावाचाच भाग असते. आमच्याकडे भाड्याचा गाळा घेताना अनेकजण भाड्यासाठी तासभर भांडतात आणि मुदतीचा रकाना न वाचता सही करतात, त्याची येथे आठवण होते.

मुदत न पाहण्याची चूक केवळ खेळाडूच करतात असे नाही. युटाच्या संघात गॉर्डन हेवर्ड होता. २०१३ मध्ये त्याच्या वाढीची बोलणी जमली नाहीत. संघाने विचार केला की अर्धवट मोकळा होईल तेव्हा बघू, बाहेरचा भाव तर आपण जुळवू शकतोच. २०१४ मध्ये शार्लटच्या संघाने त्याला ६ कोटी ३० लाखांचा देकार दिला आणि युटाने तो जुळवला. पण देकार जुळवायचा म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या सर्व अटींसकट जुळवायचा. त्या कागदात तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याचा हक्क हेवर्डला दिलेला होता. २०१७ मध्ये तो बाहेर पडला आणि बोस्टनला गेला. युटाच्या हाती काही आले नाही. पैसे त्यांचे गेले आणि मसुदा मात्र दुसऱ्याने केला होता.

ताणून धरणे नेहमीच चुकीचे असते असे मी म्हणत नाही. ज्याच्या हातात खरोखर हुकमाचे पान आहे त्याने ते खेळावे. १९९७ मध्ये मिनेसोटाच्या केव्हिन गार्नेटने तसेच केले. हा मुलगा १९९५ मध्ये शाळेतून थेट व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आला होता. २१ वर्षांचा असताना संघाने त्याला सहा वर्षांचे १० कोटी ३५ लाख डॉलर देऊ केले आणि त्याने नाही म्हटले. एवढ्या रकमेला नकार, यावर तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब झाला! पण ऑक्टोबरच्या आरंभी तोच संघ १२ कोटी ६० लाखांवर आला. मालक ग्लेन टेलर यांनी काही वर्षांपूर्वी अख्खा संघ सुमारे ९ कोटींना घेतला होता. दुकानापेक्षा नोकर महाग झाला, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु त्याची वसुली सर्वांकडून झाली. मालक हादरले. जुलै १९९८ मध्ये त्यांनी टाळेबंदी केली, ती जानेवारी १९९९ पर्यंत चालली आणि ८२ सामन्यांचा हंगाम ५० सामन्यांवर आला. तडजोड झाली तेव्हा एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार देता येईल याची मर्यादा अनुभवाच्या वर्षांप्रमाणे नियमातच बसली. ती मर्यादा आजही आहे. सहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्याला संघाच्या पगार-मर्यादेच्या २५ टक्के, काही विशेष मान मिळवल्यास ३० टक्के. गार्नेटचा साथीदार स्टीफन मारबरी याला नव्या नियमाने गार्नेटइतके मिळणे अशक्य झाले आणि मार्च १९९९ मध्ये तो दुसऱ्या संघात गेला. गार्नेट असूनही मिनेसोटा १९९७ ते २००३ सलग सात वर्षे बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरत राहिला. गार्नेटने गुन्हा केला असे नाही. बाजाराने देऊ केले ते त्याने घेतले. पण त्याच्या सहीची किंमत त्याच्यानंतर आलेल्या पोरांनी मोजली, हेही खरे आहे.

आता ज्या कराराचे मला सर्वांत कौतुक वाटते त्याकडे वळतो. तो करीचाही नाही आणि गार्नेटचाही नाही. फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड हा कॅमेरूनहून आलेला उंचापुरा खेळाडू २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पायाच्या दुखापतीमुळे पहिली दोन वर्षे तो मैदानातच उतरला नाही. तिसऱ्या वर्षी ३१ सामने खेळला आणि पुन्हा बसला. म्हणजे तीन वर्षांचा एकूण हिशेब ३१ सामने. पण त्या ३१ सामन्यांत तो असा खेळला की पाहणाऱ्याला शंका राहू नये. करी प्रकरणापेक्षा हा पेच कठीण होता, कारण गुण मोठे होते आणि भीतीही मोठी होती. भाव कमी करून मिटवावे तर पोरगा मानणार नाही, पूर्ण भाव द्यावा तर संघाला झोप लागणार नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी जो कागद केला त्यात पाच वर्षांचा पूर्ण भाव होता, सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर. त्याबरोबरच भीतीची व्याख्या लिहिलेली होती. शरीराची कोणतीही दुखापत नव्हे. पाय आणि पाठ यांच्या ठरावीक जुन्या दुखण्यांमुळे ठरावीक संख्येहून जास्त सामने बुडाले, तरच संघाला कमी पैसे देऊन करार संपवता येईल. आणि खेळाडू पुरेसा वेळ मैदानात राहिला तर ती अटही गळून पडेल. म्हणजे खोटा आरोप करून काढता येणार नाही आणि खरे दुखणे लपवूनही चालणार नाही. पोराला पूर्ण भाव मिळाला, संघाला झोप मिळाली. २०२३ मध्ये एम्बीड सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपल्याकडे भागीदारीच्या बोलण्यात भीतीचा उच्चार करणे अपशकुन मानतात. ‘असे कशाला होईल, अल्लाह खैर करेल’ म्हणून विषय मिटवला जातो, आणि झाले म्हणजे भाऊ भावाशी बोलत नाही. भीती तोंडाने बोलून, मोजून, कागदावर लिहिता येते आणि तशी लिहिल्याने मैत्री तुटत नाही, हे या करारात दिसते. माझ्या मते वाढीव कराराच्या बोलणीत पहिले दोन दिवस आकड्याचा विषयच काढू नये. काय बिघडू शकते याची यादी दोन्ही बाजूंनी करावी आणि प्रत्येक ओळीसमोर ते कोण सोसणार ते लिहावे. आकडा त्यानंतर बराचसा आपोआप सुचतो.

एजंट मंडळींबद्दल थोडे बोलले पाहिजे. खेळाडूंच्या युनियनच्या नियमाने एजंटाला साधारणतः चार टक्क्यांहून जास्त दलाली घेता येत नाही. ही मर्यादा चांगली आहे. पण टक्क्यापेक्षा मोठा फरक दुसराच आहे. मोठ्या एजंटाकडे चाळीस पोरे असतात, पोराकडे दोनच गुडघे असतात. चाळीसांपैकी पाच जणांनी थांबून नुकसान करून घेतले आणि दहा जणांनी दुप्पट मिळवले, तर एजंटाचा वर्षाचा हिशेब छान दिसतो. त्या पाचांचा मात्र कायमचा बुडतो. म्हणून ‘स्वतःवर पैज लाव’ असा सल्ला देणाऱ्याला विचारावे की हरलो तर तुमचे काय जाईल?

नर्लेन्स नोएल या खेळाडूचे नाव या संदर्भात नेहमी निघते. २०१७ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला चार वर्षांचे ७ कोटी डॉलर देऊ केल्याच्या आणि त्याने ते नाकारल्याच्या बातम्या होत्या. त्याने सही केली ती एका वर्षाच्या, सुमारे ४१ लाखांच्या करारावर. त्याच हंगामात अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, केवळ ३० सामने खेळता आले आणि तसा देकार पुन्हा आला नाही. त्याच्यावर हसणे सोपे आहे. हार्डन जिंकला म्हणून शहाणा आणि नोएल हरला म्हणून वेडा, असे मात्र मी म्हणणार नाही. फरक एवढाच की हार्डनसमोर मागणी करणारे दुसरे संघ उभे होते. नोएलने नाही म्हटले तेव्हा बाजारात दुसरे गिऱ्हाईक जवळपास नव्हते.

हे सर्व जुने झाले, आता काय, असे विचाराल. आता नियम बदलले आहेत आणि त्यातून एक वेगळीच अडचण तयार झाली आहे. २०२३ च्या सामूहिक करारानुसार पगाराची मर्यादा वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. दूरदर्शन आणि इतर प्रक्षेपणाचा नवा करार ११ वर्षांचा, सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा झाला, पण २०१६ सारखी उडी या वेळी आली नाही. २०२५-२६ ची मर्यादा दहा टक्के वाढून १५ कोटी ४६ लाखांवर गेली. म्हणजे थांबून अचानक घबाड मिळण्याची शक्यता घटली. शिवाय सर्वांत मोठ्या तरुण खेळाडूंचे करार आता टक्केवारीतच लिहिले जातात. पगार-मर्यादा वाढली की त्यांचा आकडाही वाढतो. त्यांना घाईचे नुकसान फारसे होत नाही.

अडतो तो मधला खेळाडू. त्याचा करार ठोक रकमेचा असतो, आणि त्याच २०२३ च्या करारात जास्त खर्च करणाऱ्या संघांवर इतके कडक निर्बंध आले आहेत की संघ मोठ्या दोघा-तिघांना पूर्ण भाव देतात आणि कसर काढतात ती मधल्यावर. २०२५ च्या उन्हाळ्यात चार तरुण खेळाडू, जोनाथन कुमिंगा, जॉश गिडी, कॅम थॉमस आणि क्वेंटिन ग्राइम्स, ऑगस्ट संपला तरी करारावाचून बसले होते. देकार द्यायला बाहेर पैसेवाला संघच उरला नव्हता. गिडीला शेवटी चार वर्षांचे १० कोटी मिळाले, कुमिंगाने दोन वर्षांवर भागवले, आणि थॉमस व ग्राइम्स यांनी तोच एका वर्षाचा कागद घेतला.

अशा मधल्या पोराच्या बाजूने मला कोणी खोलीत बसवले, तर तिसरा हंगाम संपल्यावर लगेच, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, मी संघाच्या मालकाला विचारीन की तुम्हाला याच्याविषयी भीती कशाची वाटते? गुडघ्याची, आळसाची, की केवळ पुढच्या वर्षीच्या कराची? गुडघ्याची असेल तर एम्बीडसारखी अट लिहू. कराची असेल तर पहिल्या वर्षी कमी आणि पुढे चढते असे हप्ते पाडू, नियमात तेवढी सोय आहे. आणि भीती कशाचीच नाही, फक्त दुसरे गिऱ्हाईक नाही म्हणून भाव पाडायचा आहे, असे दिसले, तर रक्कम त्यांची मान्य करीन, पण मुदत तीन वर्षांची मागीन आणि बाहेर पडण्याचा हक्क पोराच्या हातात ठेवीन.